पुढची काठी

निंबाळहट्टी, ता. अक्कलकोट
मंगळवार, १४ ऑक्टोबर २०२५

श्री. बिरुदेव भिमा पुजारी यांस,

तू फोन उचलत नाहीस. अकरा वेळा केला, तारीख-वेळेसह माझ्याकडे लिहिलेलं आहे. म्हणून हे पत्र. करकंबला ज्यांच्या रानात तू मेंढ्या बसवल्या आहेस त्यांचा पत्ता तुझ्या आईनं दिला. देताना अंबुमावशी एवढंच म्हणाल्या, "लिव. वाचंल का न्हाय ते त्येलाच ठावं."

मुद्द्याचं लिहितो. नळीची मागची काठी तुझ्याबरोबर गेली आहे. ती पाणलोट समितीची वस्तू आहे, तुझी नाही, माझीही नाही. एस.टी.च्या पार्सलनं मैंदर्गीला पाठव. ही कसली काठी असं कोणी विचारलं तर सांगता यावं म्हणून नीट लिहितो. दीडशे सेंटिमीटरच्या दोन काठ्या, दोन्हींवर खालून वर आकडे, दोन्हींना जोडणारी पारदर्शक नळी, नळीत पाणी. दोन्ही काठ्यांवर पाणी एकाच आकड्याला थांबलं की दोन्हींखालची जमीन एका पातळीत. मागची काठी आधीच्या ठिपक्यावर उभी ठेवायची, पुढची हलवत पुढचा ठिपका शोधायचा. त्या ठिपक्यांवरून चर खणला की पावसाचं पाणी त्यात उभं राहतं, पळत नाही, जागच्या जागी मुरतं. जोडीतली एक काठी नसली की दुसरी नुसती फुटपट्टी.

आपण दोघांनी माळावर सात चर आखले. सहा या पावसात जसेच्या तसे राहिले. बारा विहिरींची पातळी मी दर सोमवारी घेतो, काल त्यांतल्या नऊ काठोकाठ होत्या. हे त्या सहा चरांचं काम आहे आणि त्यात तुझी मेहनत आहे, हे मी कधी नाकारलं नाही.

सातव्याबद्दल. शनिवारी २७ सप्टेंबरला सकाळपासून दुपारी तीनपर्यंत माझ्या पर्जन्यमापकात १४२ मिलिमीटर पाऊस झाला. एवढा एका दिवसात मी अठरा वर्षांत मोजलेला नाही. चराचा पश्चिमेकडचा, तुझ्या मेंढ्यांच्या वाडग्याकडचा बांध फुटला. पाणी काटेरी कुंपणाच्या आत शिरलं. एकशे आठांतल्या एकतीस मेंढ्या गेल्या. वाईट वाटतं हे सांगायला मी त्याच संध्याकाळी आलो होतो. तू पाठ फिरवलीस.

६ ऑक्टोबरच्या ग्रामसभेत मला विचारलं, बांध कशानं फुटला. बांधावर मेंढ्यांच्या खुरांचे ठसे होते. मी ते मोजले होते. तेच सांगितलं. त्यावरून माळावर तुझ्या मेंढ्यांना पाच वर्षं चराईबंदी हा ठराव गावानं केला, मी नाही. सगळ्यांसमोर तू मला "सातवी नापास इंजिनेर" म्हणालास. मी सातवी पास आहे. आठवीला शाळा सोडली.

काठी पाठव.

निंगप्पा

ता.क. पुढच्या काठीच्या बुडाला लोहाराकडून नवी लोखंडी टोपी बसवून घेतली आहे. जुनी गळून पडली होती. तुझ्या काठीची शाबूत आहे ना ते बघून मग पार्सल कर.


रविवार, ९ नोव्हेंबर २०२५

बिरुदेव,

काठी आली नाही, निरोप आला. तुझ्या आईनं तो मल्लप्पाच्या पिठाच्या गिरणीत, चार माणसं ऐकत असताना सांगितला. "त्यो म्हनतोय, काठी मेंढ्या हाकायला लई बरी पडतीया. आकडे बघून मेंढ्या सरळ रांगेत चालत्यात." मल्लप्पा इतका हसला की त्याला पट्टा बंद करावा लागला. मलाही थोडं हसू आलं. मी नवी काठी केली आहे. जुनीइतकी सरळ नाही, पण चालेल.

फुटलेला बांध श्रमदानातून बांधायचं ठरलं होतं. पहिल्या रविवारी त्रेचाळीस माणसं आली. आज नऊ. त्यांतली तीन चहाच्या वेळेला. कोणाला बोलू? ज्याच्या त्याच्या रानातली माती वाहून गेली आहे, तूर सडली आहे. माझ्या दुकानात पाण्यात बुडालेल्या, पंपाच्या चौदा मोटारी रिवायंडिंगला पडल्या आहेत. मी दिवसभर तार गुंडाळतो आणि हात कुठे आहे, मन कुठे आहे, कळत नाही. परवा एका मोटारीला तेहतीसऐवजी एकतीस वेढे दिले. असं माझ्या हातून होत नाही हे तुला माहीत आहे. सगळी तार उकलली, पुन्हा भरली. तुझी महेश्वरीवहिनी म्हणाली, "दोन वेढ्यांनी काय बिघडलं असतं?" मी तिच्यावर ओरडलो. मग जेवलो नाही.

गुडघेही आता साथ देत नाहीत. माळावर एकदा चढलो की दिवसभराचं दुसरं काम होत नाही.

माळाचं लिहायचं होतं. तुझा कळप गेला आणि तिकडे कोणी फिरकेनासं झालं. गावात दुसरा कळप नाहीच. कुसळी गवत कमरेला लागलं आहे, वाळलं आहे, चालताना धोतरात कुसळं शिरतात. कोणी विडी टाकली तर सगळा माळ जाईल. दरवर्षी या दिवसांत तुझ्या मेंढ्यांनी चरून आखूड केलेल्या पट्ट्यावर धाविक पक्ष्याची जोडी यायची, तू ज्याला पळपुट्या म्हणतोस ती. धावायची, थांबायची, पुन्हा धावायची. माझ्या वहीत सहा वर्षांच्या नोंदी आहेत. यंदा शून्य. एवढ्या उंच गवतात तो धावणार कुठे?

तू हे २०१९ सालीच म्हणाला होतास. मी माळभर झाडं लावायला निघालो तेव्हा. "निंग्या, ह्यो माळ हाय. ओसाड न्हाय. ह्याला गवातच लागतंय, आन गवताला मेंढरू." मी ऐकलं नाही. सहाशे रोपं लावली, अडतीस जगली. वहीत कारण 'दुष्काळ' असं लिहिलं आहे. दुष्काळ होताच. पण तेवढंच कारण नव्हतं.

आणखी एक. सभेत तू म्हणालास, "माझ्या बापानं चाळीस वर्सं तितंच वाडगं घातलं, कदी टाचभर पानी आलं न्हाय." त्या वेळी मी म्हणालो, एवढा पाऊसही कधी झाला नव्हता. तेही खरं आहे. पण भिमामामांची जागा चुकीची नव्हती. मी त्यावर विचार करतो आहे. आज यापेक्षा जास्त लिहीत नाही.

काठी ठेव तुझ्याकडेच.

निंगप्पा


सोमवार, १२ जानेवारी २०२६

बिरू,

दोन महिने लिहिलं नाही. तुझंही काही आलं नाही, आणि ते बरोबरच आहे.

तुझ्या आईकडून कळलं की शनिवारी ३१ तारखेला व्यापारी येणार आहे आणि सत्याहत्तरच्या सत्याहत्तर मेंढ्या तू देणार आहेस. मी विचारलं, मग बिरू काय करणार? म्हणाल्या, "उसाच्या टोळीत जाईन म्हनतोय. कोयता घेतलाय." तुझ्या हातात कोयता मला दिसत नाही. मी प्रयत्न केला, नाही दिसत.

आजचं सांगतो. सातवा चर पुन्हा तपासायला गेलो होतो. गड्ड्याच्या जत्रेला अर्धं गाव सोलापूरला गेलं आहे, महेश्वरीसुद्धा बहिणीकडे गेली आहे. मागची काठी धरायला माणूस नव्हता. अंबुमावशी गवत कापायला आल्या होत्या. विळा कमरेला खोचून म्हणाल्या, "आन हिकडं, मी धरते. नळीतलं पानी हाललं तर वरडू नको म्हंजे झालं."

सत्तरीची बाई, बिरू. आकडे वाचता येत नाहीत. पण उभी राहिली ती खांबासारखी. मी दर वेळी ओरडून विचारायचो, "पाणी कुठं आहे?" त्या बोटाचं नख आकड्यावर ठेवायच्या आणि मी जाऊन बघायचो. तीस ठिकाणं, दहा-दहा मीटरवर. या फेरीत माझा गुडघा गेला, पण माप मिळालं. आपण सुरुवात केली होती ती तुझ्या वाडग्याजवळच्या बाभळीपासून. बाभळीपाशी चर ज्या उंचीवर आहे, त्यापेक्षा पूर्वेच्या टोकाला तो एकसष्ट सेंटिमीटर उंच आहे. ज्या चरात पाणी उभं राहायला हवं, त्याचा मी पाट करून ठेवला होता. तीनशे मीटरचं सगळं पाणी बाभळीकडे आलं. तुझ्या वाडग्याकडे.

अंबुमावशींना हे आकड्यांत कळलं नसेल. त्यांनी माझ्या हातातली काठी घेतली, उलटी केली, टोपीवरून अंगठा फिरवला.

"ही नवी दिसतीया. कवा बसिवली?"

मी नळी गुंडाळायला लागलो.

"पान्याआदी का पान्यानंतर, पोरा?"

मी म्हणालो, "पाण्याआधी."

"बरं," म्हणाल्या. पदरानं काठीची माती पुसली आणि परत दिली. मग गवत कापायला गेल्या.

मी खोटं बोललो. टोपी मी ४ ऑक्टोबरला बसवून घेतली. पाऊस झाल्यावर सात दिवसांनी, ग्रामसभेच्या दोन दिवस आधी. जुनी टोपी मला ३ तारखेला बाभळीच्या मुळाशी, चरातून काढलेल्या मातीत सापडली. म्हणजे ती मे महिन्यात पहिल्याच ठिकाणी निसटली होती आणि त्याच दिवशी मी सगळा चर आखला. तिची जाडी एकवीस मिलिमीटर. पुढची काठी बुडाशी तेवढी आखूड, पाणी जमवायला ती तेवढ्या उंच जागी उभी करावी लागे, म्हणून दर ठिकाणी ठिपका तेवढा वर चढत गेला. तिसानं गुणलं की त्रेसष्ट सेंटिमीटर येतात. आज एकसष्ट मिळाले. तेवढा फरक खणण्यात पडतो.

हा गुणाकार मी आज केलेला नाही. ३ ऑक्टोबरलाच केला होता, उभ्या उभ्या, तळहातावर पेननं. मग टोपी दुकानात तांब्याच्या तारेच्या डब्यात खाली टाकली. सभेला गेलो तेव्हा मला सगळं माहीत होतं.

खुरांचे ठसेही सांगतो. होते, चौऱ्याऐंशी मोजले. पण ते सगळे खालून वर जाणारे होते. बांध फुटल्यावर जीव वाचवायला मेंढ्या त्यावर चढल्या होत्या. दिशा मी सभेत सांगितली नाही. कोणी विचारली नाही, असं मी इतके दिवस स्वतःला सांगत होतो.

आता राहिलं ते सगळ्यांत अवघड. टोपी कोणाचीही निसटते. त्यावर उपाय आहे आणि तो ज्या पुस्तिकेवरून मी हे सगळं शिकलो तिच्या चौदाव्या पानावर छापलेला आहे. दर ठिकाणी काठ्यांची अदलाबदल करायची. मागची पुढे न्यायची, पुढची जागेवरच राहून मागची होते. मग एक काठी आखूड असली तरी एकदा चूक वर जाते, एकदा खाली येते, शेवटी जमतं. मी ते पान वाचलेलं आहे. खाली पेन्सिलीनं रेघ मारलेली आहे. पण अदलाबदल केली असती तर दर दुसऱ्या ठिकाणी पुढे तू असतास. जागा तू ठरवली असतीस आणि "जमलं" असं तू म्हणाला असतास, मी नाही.

तिसऱ्या चराच्या वेळी तू म्हणाला होतास, "निंग्या, कदी मला बी पुढं जाऊ दे की. मागं हुबं ऱ्हाऊन मेंढरू झालंय माजं." मी काय उत्तर दिलं ते तुला आठवत असेल. "मागची काठी जास्त जबाबदारीची असते." तू खरं मानलंस. मी बाहेरगावच्या लोकांनाही तेच शिकवलं.

पत्र टाकतो आहे. २६ तारखेला ग्रामसभा आहे. तिथे मी काय करीन ते मला अजून माहीत नाही. जे ठरलेलं नाही ते लिहून देत नाही.

निंगप्पा


मंगळवार, २७ जानेवारी २०२६

बिरू,

काल झेंडावंदनानंतर सभा झाली. पंचायतीच्या लिंबाखाली चौसष्ट माणसं होती. विषय चौथा होता, शेजारच्या तीन गावांना मी चर आखायला शिकवावं म्हणून सरपंच चन्नम्मानं ठेवलेला. तिनं माझं नाव घेतलं, टाळ्या वाजल्या. मी उठलो आणि टोपी टेबलावर ठेवली.

बोलायचं पाठ केलं होतं, ते सगळं विसरलो. जसं आठवलं तसं सांगितलं. टोपी, तीन तारीख, ठसे कोणत्या दिशेचे ते, चौदावं पान. पहिल्यांदा कोणाला काही कळेना. मग मल्लप्पा गिरणीवाला उठला.

"म्हंजे इंजिनेर, बोटभर लोखंडापायी एकतीस मेंढ्या?"

"लोखंडापायी नाही, माझ्यापायी."

"आन बिरूला आमी गावाभायेर काढला त्यो?"

"तोही माझ्यापायी."

तो खाली बसला. मला वाटलं होतं तो हसेल. हसला नाही, ते जास्त जड गेलं.

ग्रामसेवक लिहीत होते. मी वाकून बघितलं तर 'मोजमापात त्रुटी आढळली' असं लिहिलं होतं. मी म्हणालो, हे खोडा. ते म्हणाले, "निंगप्पा, कागदावर असंच लिहायची पद्धत आहे." मी म्हणालो, त्रुटी कोणाची ते यात दिसत नाही. चन्नम्मा म्हणाली, "काका, मग काय लिहायचं ते तुम्हीच सांगा." मी सांगितलं. 'सातवा चर निंगप्पानं चुकीचा आखला. ते त्याला ६ ऑक्टोबरच्या सभेआधी माहीत होतं. त्यानं ते लपवलं आणि दोष बिरुदेव भिमा पुजारी यांच्या मेंढ्यांवर टाकला.' तीन वाक्यं. मी वाचून घेतली, मग सही केली. चराईबंदीचा ठराव रद्द झाला, सगळ्यांनी हात वर केले. नक्कल सोबत आहे, शिक्क्यासकट.

शिकवायचं काम माझ्याकडून काढून घेतलं. चन्नम्मानं ते सौम्यपणे सांगितलं, "काका, यंदा दुसरं कोणी बघू." तिचं बरोबर आहे. घरी आल्यावर महेश्वरीनं ताट वाढलं. दोन घासांनंतर म्हणाली, "मला तरी सांगायचं होतं." मी जेवत राहिलो.

अंबुमावशी सभेत पुढेच बसल्या होत्या. सुटल्यावर माझ्याजवळ आल्या. मला वाटलं, आता थोबाडीत देतील. दिली असती तर बरं झालं असतं.

"पान्याआदी म्हनला हुतास की."

"खोटं बोललो, मावशी."

"ते मला तवाच कळलं. खोटं बोलताना तू डावा कान खाजवतूस. तुजा बाप बी खाजवायचा."

म्हणजे चौदा दिवस त्यांना ठाऊक होतं आणि त्या गावात कोणाला बोलल्या नाहीत. मी विचारलं, का? म्हणाल्या, "तू सांगतूस का बगत हुते."

उद्या सकाळच्या गाडीनं त्या तुझ्याकडे निघतात. मैंदर्गीहून सोलापूर, तिथून पंढरपूर, पंढरपूरहून करकंब. हे पत्र त्यांच्या पिशवीत आहे. ठरावाची नक्कल आहे आणि एका फडक्यात ती जुनी टोपी आहे. मोजून बघ, एकवीस मिलिमीटर.

मेलेल्या मेंढ्या परत येत नाहीत. त्यांतली एक, कान चिरलेली, माझ्या हातून मीठ खायची. तिच्याबद्दल मी कुठल्याच पत्रात लिहिलं नाही. लिहिता आलं नाही. तू व्यापाऱ्याला नाही म्हण, असं म्हणायचा अधिकार मला उरलेला नाही. माळावर गवत उभं आहे, वाळलेलं, मेंढ्यांची वाट बघत. तेवढं खरं आहे म्हणून लिहितो. पळपुट्या यंदा आला नाही. पुढच्या वर्षीचं मला सांगता येत नाही.

सोमवारी २ फेब्रुवारीला सकाळी सात वाजता सातवा चर पुन्हा आखायचा आहे. सुरुवात बाभळीपासूनच. पुढची काठी मी दुरुस्त केली आहे, दीडशे म्हणजे दीडशे, तीनदा मोजली. ती बाभळीला टेकवून ठेवीन. तू आलास तर ती घे आणि तुझ्याकडची मला दे. नाही आलास तर तुझी आई परतल्यावर धरीन म्हणाली आहे.

अदलाबदल दर ठिकाणी होईल, चौदाव्या पानाप्रमाणे. पण पहिल्या ठिकाणी मागे मी राहणार आहे. मागच्या माणसाचं काम मी तुला सहा वर्षं सांगत आलो, मला ते तोंडपाठ आहे. काठी सरळ धरायची, नळीवर पाय द्यायचा नाही, आणि पुढचा माणूस "जमलं" म्हणेपर्यंत जागचं हलायचं नाही.

सात वाजता येऊन उभा राहतो.

निंगप्पा